सात पिढ्या आणि एक किटली

एरमेकच्या गोळीने निशाणाच्या कागदाला धक्काही लागला नाही. कॅप्टन ओरोझबेकच्या चहाच्या किटलीला मात्र भोक पडलं.

"शाब्बास!" कॅप्टन म्हणाले. "उद्या चोर पळाला तर त्याने किटलीत लपू नये, एवढीच माझी प्रार्थना."

हवालदार एरमेक एकटा असला की पाखराचा डोळा फोडायचा. कोणी बघायला उभं राहिलं की संपलंच, हात ताकाच्या रवीसारखा घुसळायला लागायचा. नेमबाजीच्या परीक्षेत तो दोन वर्षं नापास झाला होता. तिसऱ्यांदा नापास झालेल्याची रवानगी थेट वरच्या घाटातल्या चौकीवर व्हायची. तिथला बर्फ मे महिन्यात वितळतो आणि डॉक्टर यायला घोडा लागतो. त्यात एरमेकची बायको जिबेक पोटुशी होती. ती चुलीपाशी बसून बाळाचे कपडे शिवत होती.

"दडपणाची सवय कर," कॅप्टनांनी उपाय सुचवला. "जगात सगळ्यात जास्त कोणाला भितोस?"

"सासूला," एरमेकने क्षणाचाही विचार न करता सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासू सायराकान मैदानावर हजर झाली. एका हातात तिवई, दुसऱ्या हातात बोर्सोकांचं, म्हणजे कणकेच्या तळलेल्या तुकड्यांचं गाठोडं. एरमेकच्या पाठीमागे तिवई ठोकून तिने तोंड उघडलं.

"जावईबापू, मेंढवाड्याचं कुंपण कधी दुरुस्त होणार? आणि कोपर खाली कर. लग्नाला आलास तेव्हाही असाच वाकडा उभा होतास!"

पहिल्या दिवशी गोळ्या डोंगराला लागल्या. मग तिने ठेवणीतलं अस्त्र काढलं. किरगिझ माणसाला बापापासून वरच्या सात पिढ्या तोंडपाठ हव्यात, नाहीतर तो माणसात जमा नाही.

"एकेका पिढीचं नाव घे, एकेक गोळी झाड. अडखळलास तर माझी लेक परत नेईन!"

महिनाभरात कमाल झाली. ती ओरडायची, एरमेक नाव घ्यायचा आणि गोळी बरोबर मधोमध बसायची. कॅप्टनांनी भोकाला डाग देऊन किटली पुन्हा चुलीवर चढवली. या खेपेला मात्र चूल पार लांब, पॉप्लरच्या झाडाखाली मांडली.

परीक्षेला शहरातून कर्नल तोक्तोसून आले. इस्त्रीचा गणवेश, इस्त्रीचाच चेहरा.

"पाच गोळ्या. तीन लागल्या की पास. आणि मैदानावर संपूर्ण शांतता पाहिजे."

सायराकानला फाटकाबाहेर काढण्यात आलं. एरमेकने पिस्तूल उचललं. कोणी ओरडेना. कुंपणाचं कोणी विचारेना. एवढी शांतता त्याला सोसेना. पहिली गोळी गेली आकाशात, दुसरी गवतात.

आता एकही चुकवून चालणार नव्हतं. एरमेकच्या डोळ्यांपुढे ते इवलेसे कपडे आले. त्याने पिस्तूल खाली घेतलं, पुन्हा उचललं. कॅप्टनांनी पाठीमागे हात नेऊन फाटकाकडे हळूच खूण केली.

"मुडद्या!" फाटकावरून आवाज आला. "कुंपणातून दोन मेंढ्या पळाल्या! बापाचं नाव काय तुझ्या?"

"एसेनकुल!" एरमेक ओरडला. गोळी मधोमध.

"त्याच्या बापाचं?"

"झानुझाक!" मधोमध.

"त्याच्या?"

"बोरुबाय!" तीही मधोमध.

"हे नियमात बसत नाही," कर्नल कडाडले. "उद्या गुंड समोर आला तर हा सासू कुठून आणणार?"

"मला बोलवा की," सायराकान फाटक ढकलून आत आली. "गुंडालाच विचारते, कोणाचा रे तू म्हणून."

"आपा, खऱ्या पोलिसाला असला आधार लागत नाही. कसल्याही दडपणाखाली माझा नेम चुकत नाही. बघाच!"

कर्नलनी पिस्तूल भरून निशाणावर रोखलं. सायराकानने त्यांच्यामागे तिवई ठोकली.

"बघू या. कोणाचा रे तू?"

"शाम्बेतचा!" गोळी मधोमध.

"शाम्बेत कोणाचा?"

"मोल्दोबायचा!" पुन्हा मधोमध.

"मोल्दोबाय?"

"सारी... सारीबायचा." कागदाची कड फाटली.

"आणि सारीबाय? बोल की! एवढ्या चांदण्या खांद्यावर आणि पणजोबाचा बाप ठाऊक नाही? तुझ्या आईला भेटलं पाहिजे एकदा!"

कर्नलच्या कानशिलावरून घाम ओघळला. कॅप्टन झटकन जमिनीवर आडवे झाले. गोळी सुटली आणि लांब पॉप्लरखाली खण्णकन आवाज आला.

"डागावरच लागली," कॅप्टन झोपल्या झोपल्या म्हणाले. "नेम आहे, साहेब."

कर्नलनी पिस्तूल खाली ठेवलं, टोपी नीट केली आणि मग बोलले, "हवालदार पास. पण झालं ते या मैदानाबाहेर जाता कामा नये."

एरमेक मटकन गवतात बसला. त्याचे डोळे भरून आले.

"रडतोस काय?" सायराकान म्हणाली. तिचाही आवाज जरा ओलाच होता. "हा बोर्सोक खा, आणि चल कुंपणाकडे."

कर्नलना निरोप द्यायला एरमेक गाडीपाशी गेला, तेव्हा काच अर्धवट खाली होती. आत कर्नल फोन कानाला लावून, आवाज शक्य तितका खाली आणून बोलत होते.

"आबा, मी बोलतोय... नाही नाही, तब्येत उत्तम आहे. ते सारीबाय पणजोबा आहेत ना आपले... हो, तेच. त्यांच्या वडिलांचं नाव काय हो? आणि जरा सावकाश सांगा, लिहून घेतोय."