टीव्हीत शिरलेली गुडघेवाली बाई

भर बातम्यांत टीव्हीवर एक हसतमुख बाई अवतरली आणि म्हणाली, "चला, आता गुडघा वर!" साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. ते बँकेत संगणकांची सुरक्षा सांभाळत. त्याच संध्याकाळी इमारतीच्या सभागृहात त्यांचं व्याख्यान होतं, 'आपलं वायफाय, आपली जबाबदारी'. आणि हॅकर त्यांच्याच घरात!

"बाहेर कळलं तर नाक कापलं जाईल माझं," ते म्हणाले.

"रोज येते की ती," आई म्हणाल्या. "मला वाटलं, माझ्या गुडघ्यांसाठी तूच लावतोस. मी करते तिच्याबरोबर."

साहेबांनी राउटरवरची यादी उघडली. एक अनोळखी फोन खुशाल ठाण मांडून बसला होता. त्याला हाकलून त्यांनी पासवर्ड बदलला आणि घरातल्या प्रत्येक यंत्रात नवा भरला. राहिला आईंचा टॅब. तो त्या कुणाच्या हाती देत नसत. त्यात कानांनी अधू, आणि उजेडासाठी बसायच्या उघड्या खिडकीत.

"आई, टाइप कर! टी! टायगरचा टी!"

"काय?"

"टायगर! मग सात!"

कपातला चहा निवायच्या आत तो फोन यादीत परत! साहेबांनी पासवर्ड आणखी अवघड केला. अवघड म्हणून तो दोनदा ओरडावा लागला. हॅकर पुन्हा हजर.

"परदेशी टोळीचं काम आहे हे," साहेब घाम पुसत म्हणाले. "यांना पासवर्ड कळतो कसा?"

"मला कळतो तसाच," आई म्हणाल्या. "तू ओरडलास की."

साहेबांनी उघड्या खिडकीकडे पाहिलं. आईंनी टॅब बाजूला ठेवला. "आता खोटा पासवर्ड ओरड. बघू काय होतं."

साहेबांनी गुपचूप पासवर्ड पुन्हा बदलला आणि जीव तोडून भलताच ओरडून सांगितला. थोड्याच वेळात दारावरची बेल वाजली. आईंनीच लगबगीनं जाऊन दार उघडलं. दारात खालचे काका, हातात फोन.

"आज तुमचा पासवर्ड चालतच नाही हो. पुन्हा एकदा ओरडता का?"

"काका, तुम्ही?"

"एवढं घसा फोडून सांगता, मला वाटलं सगळ्या इमारतीसाठीच आहे. पण फोनवरून कितीही पाठवली तरी माझ्या टीव्हीवर ती व्यायामाची बाई काही येत नाही."

"ती इकडे येते," आई म्हणाल्या. "उद्यापासून तुम्हीही इकडेच या."

साहेब काही बोलणार होते, पण त्यांची नजर खुर्चीकडे गेली. आईंची काठी तिथंच टेकून उभी होती. बऱ्याच दिवसांत आई काठीवाचून दारापर्यंत गेल्या नव्हत्या. साहेबांना फार आनंद झाला, आणि हॅकरला त्यांनी चहा पाजला.

संध्याकाळी सभागृह खचाखच भरलं होतं. "आज माझ्या आईनं हॅकर पकडला!" साहेबांनी छाती फुगवून सांगितलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. सर्वांत जोरात वाजवत होते काका. "म्हणून नियम पहिला. पासवर्ड कधीही मोठ्यानं सांगू नये."

पहिल्या रांगेतून आईंचा हात वर झाला.

"ऐकू आलं नाही रे. मोठ्यानं सांग!"