साबणाखालची ओळ

मोबाईल कधीच घ्यायचा नाही, हे मी एका रविवारी दाढी करता करता ठरवलं. वस्तरा पुसायला घेतलेल्या पेपरच्या तुकड्यावर पुण्याच्या एका संस्थेचा लेख होता. मोबाईलमध्ये कोल्टन नावाच्या खनिजाचा अंश असतो. ते काँगोत निघतं. तिथल्या कितीतरी खाणी बंदूकवाल्या टोळ्यांनी बळकावल्यात आणि लहान पोरांना खड्ड्यात उतरवतात. वाचून मला खरंच वाईट वाटलं. लेखाचा शेवट साबणाखाली गेला होता, पण मुद्दा ध्यानात आला होता.

मी नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीत क्लार्क आहे. त्यामुळे जगाचं काहीतरी करावं असं मला अधूनमधून वाटतं. (पगारवाढ हुकली की जास्तच वाटतं.) ऑफिसात भाषण केलं, तेव्हा ऐकणाऱ्या तिघांपैकी दोघांचे मोबाईल वाजले. मनापासून दाद दिली ती आमच्या गल्लीतल्या कमरोद्दीनने. त्याचा पीसीओ आहे. "बिलकुल बराबर बोलून राह्यले, भाई," म्हणत त्याने मला चहा पाजला.

प्रश्न घरचा होता. माझी बायको पुष्पा दोन वर्षं मोबाईल मागत होती. घनसावंगीला तिची आई गुडघ्यांनी घरात अडकलेली. आईशी सुखदुःखाचं बोलायचं, तर पीसीओवर मागे उभ्या लोकांना ऐकवत बोलावं लागे. मी तिला काँगो समजावून सांगितला. ती म्हणाली, "इथं बोलायचं ते बोला. धोंड्याला गेल्यावर आमच्या घरी तेवढं हे काढू नका." माझ्या विद्वत्तेचं माहेरच्यांना दडपण येत असावं, असं मी समजलो.

त्या वर्षी अधिक महिना आल्याने धोंड्याचं वाण घ्यायला आम्ही घनसावंगीला गेलो. सासऱ्यांनी, म्हणजे काकासाहेबांनी, मला पाटावर बसवून टिळा लावला. समोर कापडाखाली अनारशांचं ताट आणि भोवती सगळी भावकी. एवढे श्रोते आयते मिळाले, शिवाय जेवणाआधी कुणी उठून जाणार नव्हतं. मी सुरू झालो. पुष्पाने दारातून डोळे वटारले, त्याने मला आणखी चेव आला. शेवटी मी म्हणालो, "उद्या कुणी फुकट मोबाईल दिला, तरी मी हात लावणार नाही."

काकासाहेबांनी हळूच ताटावरचं कापड काढलं. अनारशांच्या मधोमध नवाकोरा मोबाईल होता. कॅमेऱ्याचा.

आता आणलाच आहे तर, असं मी काहीतरी पुटपुटलो. पण काकासाहेबांचे डोळे भरून आले होते.

"न्हाई, जावईबापू. लेकरं खड्ड्यात उतरून राह्यली आन् आम्ही तुम्हाला शब्द मोडायला लावायचा व्हय? दुकानदार तर काही वापस घ्यायचा न्हाई. पुष्पाला देतो. तिनं कुठं शब्द दिलाय?"

पुष्पाने तो घेतला. (वडिलांकडे तो मागितलाही तिनेच होता, हे मला परतीच्या जीपमध्ये कळलं.)

माझं तत्त्व तिने माझ्यापेक्षा कडक पाळलं. मोबाईल वाजला की मला लांब उभं करायची. भाजी कोणती आणू हे विचारायला मी कमरोद्दीनकडे नाणं टाकून माझ्याच घरी फोन करू लागलो. चहा मात्र बंद झाला, कारण गिऱ्हाइकाला चहा पाजायची त्याची पद्धत नव्हती.

तरी मी खचलो नव्हतो. मराठवाड्यात व्याख्यानं द्यायला तयार आहे, असं पोस्टकार्ड मी पुण्याच्या संस्थेला टाकलं होतं. त्यावर गुपचूप पुष्पाचाच नंबर दिला होता.

एका संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "पुण्याहून फोन आल्ता. औरंगाबादला भाषणाला बोलवून राह्यले व्हते."

मी सरसावून बसलो. "मंग?"

"मी सांगितलं, ते मोबाईलला शिवत न्हाईत. तर ते म्हणाले, मोबाईल टाकून द्या असं आम्ही कुठं लिहिलं? माल कुठून आणता, ते कंपन्यांना विचारा, असं लिहिलं व्हतं. इतका कडक माणूस आम्हाला झेपायचा न्हाई म्हणाले."

लेखाच्या शेवटावर पुसलेला तो साबण मला लख्ख आठवला.

"मंग मीच हो म्हणलं," पुष्पा वरण वाढत म्हणाली. "तुमचं ऐकून ऐकून पाठच झालंय मला. मोबाईल वापरणारी बाई विचारते म्हणल्यावर कंपनीवाले ऐकतील, असं ते म्हणाले."

ती एकटीच एसटीने जाणार होती. मी जरा काळजीच्या सुरात विचारलं, सुखरूप पोचल्याचं मला कळणार कसं?

"कमरोद्दीनकडं थांबा," ती म्हणाली. "तिथं फोन करते."