कारल्याच्या भावावरचा जोर

“हलू नका! कोणीच हलू नका बे! संतुलन येऊन राहिलं!”

सेक्टर दोनच्या भाजीबाजारात ढोमणेकाका असे ओरडले, की स्टील प्लांटचा भोंगाही लाजला असेल. माझा हात दुधीवर होता, तो तिथेच थिजला. शेजारी आहे ना त्यांचा! नाही ऐकलं तर घरी येऊन समजावतात.

काकांनी जन्मभर प्लांटात भट्टीचं तापमान मोजलं आणि रिटायर झाल्यावर नेहरू नगरच्या कोचिंगमध्ये अर्थशास्त्र शिकवायला घेतलं. पहिल्याच तासाला सांगतात, “हे शास्त्र चोरीच्या मालावर उभं हाय. संतुलन फिजिक्सचं, लवचिकता फिजिक्सची, घर्षणबी फिजिक्सचं. मंग याइचं सोताचं काय? अंगातला कोट!” लवचिकता दाखवायला एकदा ट्रकची स्प्रिंग नेली. ती सुटली ती थेट वैशाली नगरात जाऊन पडली, असं मी सांगतो. काका म्हणतात, थोडी अलीकडे.

तर बाजार. सगळे तराजू खरोखरच समपातळीत आले. वारा नाही, आवाज नाही. माश्यासुद्धा हवेत टांगल्यासारख्या. काका फुलबासन भाजीवालीच्या टोपलीशी वाकले.

“कारले कसे?”

“बीस रुपया पाव.”

काका माझ्या कानाशी आले. मनगटावर त्यांचा हात पडला. भर उन्हात बर्फासारखा.

“ऐकलं? टमाटर चढले, भेंडी चढली. कारलं तीन वर्षांपासून तिथंच. कावून?”

“कावून?”

“वस्तू जागची हलत नसंल, तं दोन्हीकडून सारखा जोर लागते. फुलबासन भाव वर ढकलून राहिली. मंग खाली कोण दाबून राहिलं?”

काकांच्या मालतीकाकू घासाघीस करायला उभ्या राहिल्या की अख्ख्या बाजाराला घाम फुटायचा. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली.

“ज्या दिवशी हा भाव हलंल,” काका पुटपुटले, “त्या दिवशी मानीन, ते गेली म्हणून.”

पाव किलो कारली घेऊन ते निघाले. कारलं त्यांना आवडत नाही. काकूंना आवडायचं.

काका दिसेनासे झाल्यावर मी फुलबासनला हळूच म्हटलं, “काकांसाठी भाव तुम्हीच रोखून धरलाय ना? बहुत अच्छा किया.”

ती भाजीवर पाणी शिंपडत होती. मान वर न करता म्हणाली,

“मैं तो रोज भाव बढ़ाथौं, भैया. काकी नइ मानय.”