चूक कबूल न्हाई

मोबाईलला सॅल्यूट ठोकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. रोज सकाळी दहाच्या ठोक्याला तो माझ्या ऑफिसात यायचा, खिशातला मोबाईल काढून टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा करायचा, टोपी सरळ करायचा आणि सावधानमध्ये उभं राहून म्हणायचा, "जय हिंद साहेब. नायब सुभेदार दादासो, रिटायर्ड, अर्जासाठी हजर." समोर साहेब कुठला असायला. मोबाईलवर एकच ओळ असायची: आपलं जाहिरात खातं निलंबित करण्यात आलं आहे.

माझं सांगलीत, कुपवाड रस्त्यावर जाहिरातीचं छोटं ऑफिस आहे. सोशल मीडियावर जाहिरात कशी करावी हे मी लोकांना सांगते, लोक ते ऐकत नाहीत, आणि मग बिघडलेलं निस्तरायला पुन्हा माझ्याकडेच येतात. यावर माझा धंदा चालतो. पण न ऐकण्यात सुभेदारांचा हात धरणारा कोणी नाही.

हा गृहस्थ मूळचा माण तालुक्याकडचा. फौजेतून सुटल्यावर त्यानं कुपवाडला शेड घेऊन ऊसतोडीचे कोयते बनवायला सुरुवात केली. कोयते खरंच चांगले. माझे वडील आष्ट्याला अजून ऊस लावतात, ते म्हणतात असा कोयता आजकाल मिळत नाही. माल चांगला, गिऱ्हाईक आसपासच, तालुक्या-तालुक्याला ऊस उभा. अशा वेळी माणसानं काय करावं? उसाचा फड दाखवावा, मजुराचा हात दाखवावा, दोन ओळी लिहाव्यात आणि गप्प बसावं. सुभेदारांनी स्वतःचा फोटो टाकला. मिशांना पीळ, दोन्ही हातांत एकेक कोयता, डोळे वटारलेले, आणि खाली मजकूर: 'एका घावात खेळ खलास. घरपोच मिळेल.'

खातं पाच मिनिटांत बंद. मला तर वाटतं पोलीस आले नाहीत हेच नशीब.

"मॅडम, ही काय रीत झाली?" ते मला विचारत होते. "सत्तावीस वर्षं हातात रायफल दिलती सरकारनं. तवा कुणी न्हाई म्हणलं न्हाई. आता कोयता धरला तर गुन्हा?"

"तिथं बसलेल्या यंत्राला ऊस माहीत नाही, सुभेदार. पातं दिसलं की ते हत्यार समजतं."

"मग त्याला सांगायला नगं?"

सांगायला म्हणून त्यांनी काय करावं? तलाठ्याला लिहितात तसा तावभर अर्ज लिहिला. 'मा. साहेब यांचे सेवेशी', विषय, संदर्भ, 'तरी मेहेरबान साहेबांनी', सगळं यथासांग. खाली सही, सहीवर शिक्का. त्याचा फोटो काढून त्या कंपनीला पाठवला. तिकडून यंत्राचं उत्तर आलं की आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद, आपण आमच्यासाठी महत्त्वाचे आहात. सुभेदारांनी ते उत्तर छापून घेऊन शेडमध्ये भिंतीला लावलं. म्हणे, वरनं दखल घेतलीय.

इथवर एक वेळ ठीक होतं. पण खातं उघडेना तेव्हा या शहाण्या माणसानं दुसरं खातं काढलं, बायकोच्या नावानं. ते गेलं. तिसरं सुनेच्या नावानं. तेही गेलं. चौथं शेडवरच्या कुत्र्याच्या नावानं काढलं, मोती दादासो म्हणून, जन्मतारखेसकट. फोन तोच, फोटो तोच, कोयते तेच. एका खात्याला कुलूप लागल्यावर त्याच फोनवरून दुसरं काढलं की अख्खी भावकी काळ्या यादीत जाते, हे मी शंभर लोकांना सांगितलंय. एकानंही ऐकलेलं नाही, पण कुत्र्यापर्यंत मात्र हेच पोहोचले.

मग ही सगळी जत्रा माझ्याकडे आली. मी आधी जादाची खाती बंद केली. मोतीचं बंद करताना सुभेदारांना जरा वाईट वाटलं. मूळ खातं परत मिळवायचं तर एक फॉर्म भरायचा होता. त्यात एक प्रश्न होता: नियम मोडला गेला हे आपल्याला मान्य आहे का? मान्य म्हणून खूण करायची आणि पाठवायचं. दोन मिनिटांचं काम.

"चूक कबूल न्हाई," सुभेदार म्हणाले.

"नुसती खूण करायची आहे."

"खूण म्हंजे सहीच. आवं मॅडम, मेजरसाहेबापुढं कबूल केली न्हाई, घरात केली न्हाई. हितं करू व्हय?"

आठ दिवस हेच. दहाला हजर, सॅल्यूट, अर्ज, मी फॉर्म पुढं केला की 'चूक कबूल न्हाई', आणि बरोबर साडेदहाला जय हिंद. माझ्याकडची बाकीची गिऱ्हाइकं ते बघायला थांबू लागली. एकानं तर चहा मागवला.

मधल्या वेळात मी म्हटलं, निदान नवी जाहिरात तरी तयार करू. तर सुभेदारांनी स्वतःच बनवून आणली. ती जाहिरात नव्हती, फ्लेक्स होता. आपल्याकडे वाढदिवसाला, दहावी पास झाल्याला, म्हैस पहिली आल्याला चौकात लागतो तसला. फ्लेक्सचं शास्त्र इकडं शेंबड्या पोरालाही कळतं. वर मधोमध मोठं तोंड असतं ते मार्गदर्शकाचं, म्हणजे पुढारी नाहीतर घरातला थोरला. खाली टिकलीएवढी तोंडं असतात ती शुभेच्छुकांची. कुणाचं तोंड कुणापेक्षा बोटभर मोठं झालं यावरून इथं बोलणं बंद होतं. सुभेदारांच्या फ्लेक्सवर वीस शुभेच्छुक होते, कोपऱ्यात कोयता होता, आणि वर मधोमध भोपळ्याएवढं एक अनोळखी तोंड. माकडटोपी घातलेला, कॅमेऱ्याला घाबरलेला माणूस. खाली लिहिलेलं: 'मार्गदर्शक: म्हादबा'. खुद्द मालक, नायब सुभेदार, विसाव्या नंबरचे शुभेच्छुक. तळाला, पोस्टाच्या तिकिटाएवढे.

"हे कोण?" मी विचारलं. "आमदार तर वाटत नाहीत."

"धाकटा भाऊ हाय माझा."

"धाकटा भाऊ मार्गदर्शक?"

"नोट करा. वीसच्या वीस काढा, मी बी ऱ्हायलो तर ऱ्हायलो. म्हादबा हालायचा न्हाई."

मी कपाळावर हात मारला. जाहिरात कुणाला दाखवायची ते विचारलं. वाळवा, पलूस, कडेगाव, कराड, मी नावं घेत गेले. सुभेदारांनी वरच्या खिशातून चिठ्ठी काढली. त्यावर कळंबोलीतल्या एका सोसायटीचा पत्ता होता. "ह्या गेटपासनं एक किलोमीटर. त्याच्या भाईर न्हाई."

मग मात्र माझा तोल गेला. मी म्हटलं, "सुभेदार, कळंबोलीत ऊस आहे का? तिथं बाल्कनीत तुळस जगवायची मारामार. तुम्ही तिथल्या लोकांना कोयता विकणार? पुन्हा खातं जाईल, आणि या खेपेला मी उघडून देणार नाही. डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. या माणसाचं टक्कल मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"म्हादू तितं वॉचमन हाय," ते म्हणाले. "मी फौजेत असताना आई, मेंढरं, रान, समदं त्यानंच बघितलं. कोयत्याचं शेड टाक, हे बी त्यानंच सांगितलंतं. मी रिटायर हून आलो आन् आई गेली. बाराव्याला, चार मान्सांच्या पंगतीत, मी त्याला म्हणलो, तू औषधाला हयगय केलीस म्हणून आई गेली. त्यो ताटावरनं उठला, रातच्या गाडीनं गेला. मागनं त्याची पेटी उघडली तर डाक्टरच्या समद्या चिठ्ठ्या. तारीखवार, दोऱ्यानं बांधून ठिवलेल्या. एक डोस चुकला नव्हता, मॅडम."

"मग फोन करायचा."

"ब्लॉक केलंय. मी, माझी बायकू, सून, समदी."

"जाऊन यायचं."

"गेलतो. गेट त्याच्याच ताब्यात. त्यानं उघडलं न्हाई." थोडा वेळ ते टोपीचा बिल्ला पुसत राहिले. "गावातला एकजण सांगत हुता, म्हादू गेटवर बसून दिवसभर मोबाईल बघतो. जाहिरात काय ब्लॉक हुत न्हाई. दिसली तर दिसली."

मला हे आधी कळायला हवं होतं. ज्या माणसाला चूक कबूल हे दोन शब्द तोंडातून काढता येत नव्हते, त्यानं ते फ्लेक्सवर काढून आणले होते. धाकट्याला वर मधोमध बसवून स्वतः तळाला जाऊन उभा राहिला होता. आणि मी फ्लेक्सच्या गावची असून त्याच्या रचनेला नावं ठेवत होते.

मी फॉर्म पुढं केला. "मग इथं खूण करा, सुभेदार. त्याशिवाय ही जाहिरात कळंबोलीला पोचत नाही."

त्यांनी टोपी घातली, उभे राहिले आणि बोट पुढं करून खूण केली. वर मोठ्यानं म्हणालेही, "चूक कबूल." बाहेर चहा पिणारी गिऱ्हाइकं आत डोकावली, त्यांना मी हाकलून दिलं.

खातं चार दिवसांनी उघडलं. बाकीचे शुभेच्छुक मी काढले, सुभेदारांचा वटारल्या डोळ्यांचा फोटो बदलला, कोयत्याच्या जागी तोडलेल्या उसाची मोळी ठेवली. म्हादबा वर मोठा, सुभेदार खाली बारीक, हे मात्र तसंच ठेवलं. जाहिरातशास्त्राच्या दृष्टीनं इतकी भिकार जाहिरात मी याआधी कधी सोडली नव्हती.

मग रोज दहाला हजेरी. मी पडद्यावर बघायची, मान हलवायची, सुभेदार साडेदहाला निघायचे. असे दोन आठवडे गेले. कळंबोलीच्या कुणा बाईनं, मदतीचं आवाहन समजून, हा आजार कोणता म्हणून विचारलं, तेवढंच.

एका मंगळवारी जाहिरातीखाली एक ओळ दिसली. मी मोबाईलच त्यांच्याकडे वळवला. म्हादबा नावाच्या माणसानं लिहिलं होतं:

'दादाचा फोटू लय बारका टाकलाय. बरुबरीनं टाका.'

सुभेदारांनी ते दोनदा वाचलं, ओठ हलवत. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "मॅडम, हुकूम आलाय." मोबाईल बाटलीला टेकवून उभा केला, टोपी सरळ केली आणि सॅल्यूट ठोकला. हात बराच वेळ खाली येईना.

मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी घेतले, एकाच मापाचे, बोटभरही फरक न ठेवता. त्या जाहिरातीवर कोयता मात्र एकही खपला नाही. कळंबोलीत ऊस नाही, हे मी आधीच सांगितलं होतं.