दिगंबरमामांचं नायलॉन

दिगंबरमामा कुठलीही वस्तू हातात आली की आधी दाताखाली धरतात. माझं नवं पेन, मालकांच्या गाडीची किल्ली, एकदा तर पाहुण्यांनी दिलेलं चांदीचं नाणं. "डोळा फसतो, दात फसत न्हाई," म्हणतात.

लातूरबाहेर, रेणापूरच्या रस्त्याला आमचं एअरसॉफ्टचं मैदान आहे. खेळातल्या बंदुका, प्लास्टिकचे छर्रे, तोंडावर मुखवटे. मी तिथे नोंदवही सांभाळते. मामांचं लेथ मशीनचं दुकान शेजारीच, आमच्या बंदुका तेच दुरुस्त करतात.

यंदा खंडेनवमीला मालकांनी सगळ्या बंदुकांची यथासांग पूजा केली. हळद, कुंकू, वर तेलाचं बोट. दसऱ्याच्या गर्दीत निम्म्या बंदुका खरखरून बंद पडल्या. कुंकू थेट गिअरमध्ये उतरलं होतं आणि पिस्टनचे दाते झडले होते.

मालक तापले. "बास तुमचं नायलॉन. आता सगळं लोखंडी, पुण्याहून मागवतो."

मामांनी एक बंदूक उघडून पुढे ठेवली. "गिअर पोलादीच हाय, मालक. रोज झिजतंय त्याला पोलादच लागतं. पण पिस्टन मी मुद्दाम नायलॉनचा ठेवला. आत कचरा गेला की कुणीतरी तुटणारच. हा तुटला, म्हणून गिअर वाचला."

"आणि बाहेरची बॉडी?"

"मे महिन्यात लोखंड उन्हात ठेवून बघा. पोरं बंदूक न्हाई, सांडशी मागतील."

मला हसू आलं, पण मामा हसत नव्हते. आमच्याशिवाय त्यांच्या लेथला दुसरं काम उरलं नव्हतं.

"रविवारी किनवटच्या वसतिगृहातल्या मुली खेळायला येणार हायत," ते म्हणाले. "नवे पिस्टन बसवतो, नायलॉनचेच. एक जरी बंदूक अडली, तर पुण्याची ऑर्डर खुशाल द्या."

मुली दिवसभर खेळल्या, धुळीत लोळल्या. एकही बंदूक अडली नाही. मालक "बरं" म्हणाले. त्यांच्या मानाने ते फार झालं.

मुलींची बस गेल्यावर मामांनी माझ्या टेबलावर एक बंदूक ठेवली. तिची मूठ कानशीने घासून बारीक केलेली होती.

"कुणाची?"

"तुमची, ताई. चहाचा कप धरता तवा हात बघून ठेवला. दोन वर्षं दुसऱ्यांची नावं लिहीत राहिलात, आत खेळायला एकदाबी गेला न्हाईत."

"कुणाबरोबर जाऊ?" मी पुटपुटले.

मामांनी खुंटीवरचा मुखवटा काढला आणि स्वतःच्या तोंडावर चढवला. "मला तरी कुणी बोलवलंय आजवर?"