मिस्ड कॉलवर चालणारी कचेरी

एका जंगलात, मुलांनो, एक कचेरी होती. जंगल म्हटलं की राजा आला, आणि राजा आला की कचेरी आलीच. एका जुन्या वडाच्या ढोल्यांमध्ये ती भरायची. प्रत्येक ढोलीत एक टेबल, एक खुर्ची आणि एक फोन. खुर्चीत कोण असायचं ते पुढं सांगतो, घाई करू नका.

राजा वाघ होता. त्याच्या राज्यात कामचुकाराला नोटीस नसे, चौकशी नसे. महाराज त्याला सरळ खाऊन टाकत. त्यामुळे त्याच्या पेन्शनचा प्रश्न सुटायचा आणि महाराजांच्या जेवणाचाही.

राजा इतका कडक म्हटल्यावर सगळे मान मोडून काम करत असतील, असं तुम्हाला वाटलं असेल. तुम्ही अजून लहान आहात.

अस्वलराव तिथले हेडक्लार्क. सकाळी आले की ते खुर्चीच्या पाठीला उपरणं अडकवायचे आणि मोहाच्या झाडाखाली जाऊन आडवे व्हायचे. उपरणं दिसलं की साहेब इथंच कुठंतरी आहेत, असं समजायची तिथं पद्धत होती. वानर मंडळी नदीवर असायची. रानडुक्कर घरची कामं उरकून घ्यायचं. आणि टेलिफोन शाखेचा चौशिंगा बांबूच्या बेटात रवंथ करत बसायचा. चौशिंगा म्हणजे चार शिंगांचं छोटंसं हरिण. शिंगं चार असली तरी या चौशिंग्याने त्यातलं एकही कधी कुणाला लावलं नव्हतं. स्वभावाने फार भित्रा होता बिचारा.

तरीही त्या कचेरीतलं कुणी कधी खाल्लं गेलं नव्हतं. याचं सगळं श्रेय मिस्ड कॉलला.

महाराजांच्या गुहेच्या दाराशी भेकर नावाचा शिपाई होता. फोनची तार जुनी, सगळ्या ढोल्यांना मिळून एकच. एका टोकाला वाजवलं की सगळीकडे वाजायचं. महाराज कचेरीकडे निघाले की भेकर एक रिंग द्यायचा आणि ठेवून द्यायचा. रिंग ऐकली की जो तो असेल तिथून धावत सुटायचा. महाराज वडाखाली पोचेपर्यंत सगळ्या खुर्च्या भरलेल्या आणि सगळ्या माना खाली. ती रिंग कुणी उचलायची नाही, असा नियम होता. तो कुठंही लिहिलेला नव्हता, म्हणून सगळे पाळायचे.

एकदा शेजारच्या जंगलातून धनेश पक्षी आला. चोच मोठी आणि बोलणंही मोठं. कचेऱ्यांचे फोन सुधारून देण्याचा त्याचा धंदा होता. त्याने कचेरीकडे ढुंकूनही पाहिलं नाही, कारण तो फक्त तार पाहायला आला होता. चार दिवस तारेवर बसून त्याने महाराजांना सांगितलं की, इथं फोन वाजतात पण कुणी उचलत नाही.

महाराजांनी सभा बोलावली. फोन का उचलत नाही, असं टेलिफोन शाखेला विचारलं. सगळ्यांनी चौशिंग्याकडे पाहिलं.

आता काय सांगणार? हे फोन उचलायचे नसतातच, असं सांगावं, तर मग ते कशासाठी असतात तेही सांगावं लागणार.

"तार जुनी झाली आहे, महाराज," तो म्हणाला.

झालं! नवा मुख्य सर्व्हर मंजूर झाला. यापुढे प्रत्येक फोन आधी सर्व्हरकडे जाणार. सर्व्हर तो रिंग वाजण्याआधीच उचलणार, नाव विचारणार, काम विचारणार आणि मग योग्य त्या शाखेला जोडून देणार. या जंगलात आता एकही मिस्ड कॉल होणार नाही, असं धनेशाने छाती फुगवून सांगितलं. महाराजांनी टाळी वाजवली, म्हणून सगळ्यांनी वाजवली. अस्वलरावांनी सर्वांत जोरात वाजवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

सभा संपल्यावर सगळे चौशिंग्यावर तुटून पडले. तू गप्प का बसलास, असं अस्वलरावांनी त्याला खडसावलं. तुम्ही का नाही बोललात, असं त्याने विचारलं, तर ते माझं खातं नाही, असं उत्तर मिळालं. शेवटी अस्वलरावांनीच सगळ्यांची समजूत काढली. सरकारी काम, सहा महिने थांब. तोवर मोहाची फुलं गोळा करावीत.

पण धनेश परजंगलातला. त्याला आपली म्हण ठाऊक नव्हती. सांगितलेल्या दिवशी सकाळी सर्व्हर चालू झाला.

चौशिंगा ढोलीढोलीत सांगत फिरला, की फोन आजपासून बदलले, आता रिंग येणार नाही. कुणी विश्वास ठेवला नाही. ठरल्या दिवशी काम सुरू झाल्याचं त्या जंगलात कुणी पाहिलं नव्हतं. अस्वलरावांनी उपरणं अडकवलं आणि ते निघाले. बाकीचेही पांगले. चौशिंगा एकटाच खुर्चीत बसून राहिला. बांबूच्या बेटाची त्याला फार आठवण येत होती.

दुपारी महाराज निघाले. भेकराने सवयीने फोन लावला. तो ठेवणार इतक्यात सर्व्हरने उचलला आणि गोड आवाजात नाव विचारलं, मग काम विचारलं. भेकर आयुष्यात कधी त्या फोनवर बोलला नव्हता. मागे महाराज उभे होते. निघाले म्हणून सांगायचं तरी कसं?

"काही नाही. सहज केला होता," तो म्हणाला.

सर्व्हरने निरोप टेलिफोन शाखेला दिला. फोन करणारा भेकर, काम सहज.

महाराज निघालेत, हे चौशिंग्याने ओळखलं. त्याने अस्वलरावांच्या ढोलीत फोन लावला, तर आपण रांगेत आहात, असं सर्व्हरने कळवलं. पळून जावं असं एकदा मनात आलं. पण खुर्चीत बसलेल्याला वाघ खात नाही, असं त्याच्या आईने त्याला लहानपणी शिकवलं होतं. तो बसून राहिला.

महाराजांनी एकेका ढोलीत डोकावून पाहिलं. सगळीकडे नुसत्या खुर्च्या. शेवटच्या ढोलीत चौशिंगा उभा राहिला.

"बाकीचे कुठं आहेत?"

एक शब्द खरा बोलला असता तर तो सुटला असता. पण इतक्या वर्षांचे सोबती. त्यांना वाघाच्या तोंडी कसं द्यायचं? भित्रा असला तरी चौशिंगा मनाने चांगला होता. मला तो आवडतो.

"महाराज, सगळे कामासाठी बाहेर गेलेत," तो म्हणाला. "एका क्षणाची उसंत नाही कुणाला."

महाराजांना आनंद झाला. नव्या सर्व्हरचा इतक्या लवकर गुण येईल, असं त्यांना वाटलं नव्हतं. मग त्यांनी चौशिंग्याला नीट न्याहाळलं.

"आणि तुला काही काम नाही?"

चौशिंग्याला उत्तर सुचेपर्यंत महाराजांचं जेवण झालं होतं.

संध्याकाळी अस्वलराव उपरणं घ्यायला आले. चौशिंग्याची खुर्ची त्यांना रिकामी दिसली. ते समाधानाने हसले.

"चला," ते वानरांना म्हणाले, "शेवटी हाही शहाणा झाला."

तात्पर्य: खुर्ची टिकवायची असेल, तर तिच्यात सापडू नये.