कृपया आहेर आणू नये

आमचे घरमालक मल्लिनाथअण्णा कॉम्प्युटर सुरू करण्याआधी पडद्याच्या उजव्या बाजूवर टॉवेल टाकतात. टॉवेल अर्थातच सोलापुरी, लाल काठांचा. निम्मा पडदा असा झाकला, की ते खुर्ची पुढं ओढतात आणि उरलेल्या निम्म्यावर काम करतात. मी वरच्या खोलीत भाड्यानं राहायला आलो तेव्हा पहिल्यांदा हे पाहिलं. वाटलं, मॉनिटर बिघडला असेल. तसं विचारलंही.

"बिगडलाय कशाचा? तिकडं जाहिराती हायत," अण्णा म्हणाले.

"मग?"

"मग काय? मालकानं आपल्या पानावरच्या जाहिरातीला बोट लावायचं न्हाय, असा कंपनीचा नियम हाय. बोटाचा काय भरवसा? चुकून गेलं म्हंजे? त्यापेक्षा नजरंलाच नको. ओ ग्रॅज्युएट, नियम म्हंजे नियम."

अण्णा मला पहिल्या दिवसापासून 'ग्रॅज्युएट' म्हणतात. माझे वडील श्रीपूरच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते आणि आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिलाच, हे मी खोली बघायला आलो तेव्हा सांगून बसलो होतो. अण्णांनी डिपॉझिट अर्धं केलं आणि नाव कायमचं ठेवलं. दोन्हींबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

अण्णांचं आयुष्य एस.टी.त गेलं. वाहतूक नियंत्रक म्हणून ते निवृत्त झाले. खिडकीशी येऊन लोक विचारायचे, गाडी कधी सुटणार, कुठं लागणार. अण्णा ते सांगायचे आणि कुणी न विचारलेलं एक वाक्य जोडायचे: "ड्रायव्हरच्या बाजूला बसा, तिकडं सावली हाय." सोलापूरच्या उन्हात हे वाक्य म्हणजे अर्धं तिकीट माफ केल्यासारखं असतं, हे बाहेरगावच्या माणसाला पटायचं नाही. ज्यानं ऐकलं नाही तो अक्कलकोटला उतरेपर्यंत भाजून निघायचा आणि पुढच्या वेळी खिडकीशी येऊन आधी बाजू विचारायचा.

निवृत्तीनंतर हे ज्ञान घरात मावेना. अण्णा माझ्याशी बोलत, गंगाक्काशी बोलत, भाजीवालीशी बोलत. "अक्कलकोटला सकाळी जाताना ऊन डावीकडं, अन् संध्याकाळी येताना बी डावीकडंच. म्हंजे डावीकडं बसणारा दोन्ही वेळा मेला. तुळजापूरचं उलटं. पुण्याचं तर मोसमावर हाय, त्याला निराळा हिशेब." भाजीवाली म्हणायची, "अण्णा, मी चालत येते, मला कुटली बाजू?" तिलाही ते बाजू सांगत.

शेवटी बंगळूरला नोकरी करणारा त्यांचा मुलगा सुट्टीत आला आणि त्यानं वडिलांना एक वेबसाइट काढून दिली. नाव 'सावलीची बाजू'. कुठल्या गावाला, कुठल्या वेळी, कुठल्या महिन्यात बसच्या कुठल्या बाजूला बसावं, एवढंच तिच्यावर. जाता जाता त्यानं पानावर जाहिराती लावून दिल्या आणि वडिलांना समजावलं, की वाचणाऱ्यानं जाहिरातीवर बोट दाबलं की आपल्या खात्यावर थोडे पैसे जमा होतात. आपण स्वतः दाबायचं नाही, आणि दुसऱ्याला 'दाब' म्हणायचंही नाही. ज्याला खरोखर वस्तू बघायची आहे त्यानंच दाबायचं.

अण्णांना हे मनापासून पटलं. "बराबर हाय. प्रवासी आपल्या मनानं चढला पायजे. वढून बसवला तर त्यो प्रवासी न्हवं."

तेव्हापासून अण्णा पुन्हा ड्युटीवर गेले. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरसमोर बसायचं. दुपारी रिक्षानं स्टँडवर जायचं आणि आलेल्या गाड्यांच्या पत्र्याला, बैलाच्या पाठीला लावावा तसा, तळहात लावून बघायचा. हितं पोळलं, तितं गार. मग घरी येऊन पान दुरुस्त करायचं. एकदा ते नुसतं ऊन बघायला करमाळ्यापर्यंत जाऊन आले. मी म्हटलं, "देवीचं दर्शन घेतलंत का?" तर म्हणाले, "देवी पुढल्या येळी. आज परतीची गाडी गाठायची हुती, न्हायतर ऊन बदललं असतं."

जाहिरातींशी मात्र त्यांचं पटत नसे. टॉवेलाखाली काय चाललं आहे ते मला विचारत. एकदा मी सांगितलं, की मोटारीच्या कर्जाची जाहिरात लागली आहे. अण्णा उभेच राहिले.

"माझ्या पानावर बसून माझ्याच प्रवाशाला 'मोटार घे' म्हणतोय? काय माणूस हाय!"

"काढून टाकू या का?"

"ऱ्हाऊ दे. पैसे पडतायत न्हवं? पर त्याला म्हणावं, मोटारीत बी एक बाजू उन्हाचीच आसती."

पैसे कितीसे पडायचे? फार नाहीत. पण एकदा खालून हाक आली, "ग्रॅज्युएट, खाली या!" मी धावत गेलो. अण्णा पासबुक घेऊन उभे. "पेन्शन मागल्या कामाची आसती," ते म्हणाले. "ही आत्ताची कमाई हाय. कुणीतरी आज गार बसलं, त्येची." एवढा आनंद मी त्यांच्या तोंडावर त्याआधी पाहिला नव्हता. माणूस अजून कामाचा आहे, याची ती पावती होती.

या पहिल्या कमाईचं त्यांनी गल्लीला जेवण घातलं. जेवणाचा खर्च कमाईहून कितीतरी जास्त होता, पण तो मुद्दा काढायची माझी हिंमत झाली नाही. दारात मांडव घातला. शेंगापोळी, कडक भाकरी, शेंगाचटणी आणि त्यांच्या घरची गव्हाची खीर, जिला ते हुग्गी म्हणतात. रीतसर पत्रिका छापली आणि तळाला ठळक अक्षरांत ओळ घातली: 'कृपया आहेर आणू नये.'

ही ओळ आमच्याकडं सगळेच छापतात आणि कुणीही पाळत नाही. पत्रिकेवर तसं छापणं हा यजमानाचा मोठेपणा आणि तरी पाकीट नेणं हा पाहुण्याचा. पण अण्णांनी छापलं ते नियम म्हणून. मांडवाच्या तोंडाशी उभं राहून ते एकेक पाकीट, एकेक टॉवेल-टोपी परत करत होते. "बेडा, बेडा! नको म्हंजे नको. जेवा अन् जावा."

पंक्चर काढणारे रशीदभाई पाकीट परत खिशात घालत म्हणाले, "अण्णा, फुकट का खाना हजम नै होता हमको."

"सोडा देतो. जेवा."

पंगत बसली, पण लोक अवघडले होते. रिकाम्या हातानं जेवायचं म्हणजे घास उतरत नाही. ही अडचण सोडवली ती गंगाक्कांनी.

गंगाक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण. ऐन तरुणपणी विधवा झाल्या आणि होटगीला माहेरी परत आल्या. आधी वडिलांच्या घरी, मग अण्णांच्या. भावजय वारल्यावर घर त्यांनीच सांभाळलं. स्वभाव अबोल. पण त्या दिवशी बायकांच्या पंगतीत वाढता वाढता त्या हळूच म्हणाल्या, "त्येला हातात दिल्यालं चालत न्हाय. त्या मोबाइलातनं द्या. त्येच्या पानावर बाजूला चित्रं हायत न्हवं, ती दाबली की त्येच्या खात्यावर पैसे पडत्यात."

बायकांच्या चेहऱ्यावर एकदम सुटका दिसली. फोन बाहेर निघाले. अण्णांनी कौतुकानं वायफायचा पासवर्ड मांडवाच्या खांबाला लावलाच होता. एकीनं दाबलं, शेजारणीला दाखवलं, ते पुरुषांच्या पंगतीत पोचलं. कुणी खिरीचा हात धुऊन दाबलं, कुणी आधी नमस्कार करून दाबलं. रशीदभाईंनी घरच्यांच्या नावानं वेगवेगळं दाबलं. गंगाक्कांनी शेजारच्या सुनेचा फोन मागून घेतला आणि दाबतच राहिल्या. "अक्का, झालं की आता," ती सून म्हणाली, तर म्हणाल्या, "भावाच्या घरचं जेवाण हाय. येकदा दाबून कसं भागंल?"

मांडवात सगळीकडं समाधान पसरलं. अण्णा दारात उभे राहून मला म्हणाले, "बघा, आहेर न घेता किती खूश हायत लोक!"

पुढं कंपनीचं इंग्रजी पत्र आलं. अण्णा ते फोनवर उघडं ठेवूनच जिना चढून वर आले. मी वाचलं. एकाच जागेवरून, एकाच वेळी, खोट्या वाटाव्यात अशा खूप क्लिक झाल्या होत्या. जाहिराती बंद केल्या होत्या. खुलासा करायची संधी होती: हे कुणी केलं, आणि पुन्हा होऊ नये म्हणून आपण काय केलं, ते लिहायचं. खुलासा पटला तर खातं पुन्हा सुरू होणार होतं.

अण्णा खाटेच्या कडेवर बसले. "माझ्यावर ठपका?" एवढंच म्हणाले. सगळ्या नोकरीत त्यांच्यावर ठपका नव्हता.

"अण्णा, लिहू या आपण. आधी कुणी दाबलं ते कळायला पाहिजे."

ते उठले ते जिना उतरून थेट गल्लीत. मी मागं. अण्णा दारोदार विचारत होते, "माझ्या जाहिराती कुणी दाबल्या?" आणि दारोदार लोक लाजत, हसत सांगत होते, "आम्ही की! कळलं व्हय तुम्हाला?" रशीदभाई तर छातीला हात लावून म्हणाले, "हमनेइच. पहुँचा ना सब?" अण्णांच्या तोंडावर राग यायचा आणि समोरचा हसरा चेहरा बघून तिथंच अडायचा. 'तुम्हाला कुणी सांगितलं?' असं विचारत विचारत चौकशी शेवटी त्यांच्याच स्वयंपाकघरात येऊन थांबली.

"अक्का, तू सांगितलंस सगळ्यांना?"

गंगाक्का भाकरी थापत होत्या. मागं न बघता म्हणाल्या, "व्हय. सांगितलं बी अन् सगळ्यांत जास्त दाबलं बी मीच."

"अगं, पर तुला कुणी..."

"मल्लू," त्या म्हणाल्या. अण्णांना या नावानं हाक मारणारं आता दुसरं कुणी उरलेलं नाही. "दर पंचमीला तू मला लुगडं घेतोस. बांगड्या भरतोस. तुझं लगीन झालं, घर झालं, पोराचं बारसं झालं, मी नुसत्या रिकाम्या हातानं वाढत फिरले. माझं म्हणावं आसं माझ्याकडं कवा काय हुतं रं? जन्मात पयल्यांदा भावाला आहेर केला बघ." आणि मग जरा वळून, "पोचला न्हवं?"

तव्यावरची भाकरी फुगली. अण्णा दारात उभे होते.

"पोचला की," ते म्हणाले. "तरीच म्हटलं, येवढी रक्कम आली कुटनं."

वर आल्यावर मी लॅपटॉप उघडला. खुलासा सरळ होता. जेवणाला आलेल्या लोकांनी प्रेमानं, अज्ञानानं केलं, सर्वांना समज दिली आहे, पुन्हा होणार नाही. मी वाचून दाखवलं. मला खात्री होती की खातं सुरू होईल.

"समज दिली आहे, म्हंजे?"

"म्हणजे सगळ्यांना सांगायचं, की असं करू नका. त्यामुळं तुमचं नुकसान झालं."

"अक्काला बी?"

"गंगाक्कांनी पुन्हा दाबलं तर खातं कायमचं जाईल, अण्णा."

अण्णा उठून खिडकीशी गेले. खाली गल्लीत रशीदभाई कुणाला तरी हवा भरून देत होते. "खोटं लिवता येत न्हाय," अण्णा शेवटी म्हणाले. "अन् अक्काला खरं सांगता येत न्हाय. मिटवा ते."

"अहो पण ही तुमची कमाई आहे. आणि आहेर तर तुम्ही दारातूनच परत करत होता!"

"दारातनं परत करता येतो, ग्रॅज्युएट. घेतल्यावर न्हाय."

खुलासा गेला नाही. जाहिराती कायमच्या बंद झाल्या. वेबसाइट मात्र चालू राहिली. इस्त्रीचा शर्ट, दुपारची रिक्षा, पत्र्याला तळहात, काहीच थांबलं नाही. मी एकदा म्हटलं, "आता यातून काही मिळत नाही, तरी एवढं ऊन कशाला खाता?" तर म्हणाले, "प्रवाशाला काय म्हाईत, मला मिळतंय का न्हाय ते?" बाजू सांगण्याचा त्यांचा आवाज पूर्वीइतकाच ठणठणीत आहे.

पंचमीला त्यांनी गंगाक्कांना नेहमीच्या लुगड्याबरोबर एक मोबाइल आणून दिला. "तुझ्या आहेराच्या पैशातनं घेतलाय," म्हणाले. गंगाक्कांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि आहेर सत्कारणी लागल्याचं समाधान व्यक्त केलं.

परवा मी कामावरून आलो तेव्हा त्या कट्ट्यावर बसून फोन बघत होत्या. 'सावलीची बाजू' उघडलेली होती. जाहिरातींची जागा कोरी असेल, असं मी धरून चाललो होतो. पण तिथं एक चौकट होती, आत हिरव्या लुगड्याचं चित्र. अण्णांनी बंगळूरला फोन करकरून शिकून ती बसवली होती, हे मला नंतर कळलं.

गंगाक्कांनी त्यावर बोट दाबलं. चित्र गेलं आणि कन्नड अक्षरांत दोन शब्द आले. त्यांची शाळा कन्नड, तीही चौथीपर्यंत. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवत वाचलं, "मुट्टितु, अक्का." मग मला कळावं म्हणून म्हणाल्या, "पोचलं, अक्का."

आणि फोन पदराला पुसत पुढं म्हणाल्या, "कंपनी लई सुधारली बघ. पयलं दिल्यालं पोचलं का न्हाय, कळायचंच न्हाय. आता लगीच सांगत्यात."